टँकमधलं गवत: बी पेरून नाही, काडी रोवून

प्रश्न थोडक्यात असा आहे: "नाशिकला राहतो, २×१×१ फुटाचा माशांचा टँक (ॲक्वेरियम) आहे. ऑनलाइन 'कार्पेट ग्रास'च्या बियांचं पाकीट मागवलं. ओल्या रेतीवर टाकल्यावर आठ-दहा दिवसांत मस्त हिरवंगार झालं. महिन्याभराने पाणी भरलं, तर तीन आठवड्यांत सगळं पिवळं पडून कुजलं. पाण्याला वास येतोय. लाइट कमी पडला का? मोठा घेऊ का? आणि सीओटूशिवाय (म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू न सोडता) गवत होतं का?"

लाइट घेऊ नका. निदान आत्ता तरी नको. तुमचं गवत अंधारात मेलेलं नाही, ते मुळात पाण्यातलं नव्हतंच.

या पाकिटांची गंमत सांगतो. हौशी लोक टँकच्या तळावर पसरणाऱ्या ज्या बुटक्या हिरवळीला कार्पेट म्हणतात त्यातली एकही वनस्पती बियांच्या पाकिटात विकायची पद्धत नाही. हेअरग्रास, माँटे कार्लो, ग्लॉसो, क्यूबा ही सगळी धावत्या खोडांनी किंवा काडी तोडून वाढवतात, नाहीतर टिश्यू कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत जेलीवर रोपं वाढवलेल्या डबीत. मी कुतूहलापोटी अशी दोन पाकिटं आणून पाहिली होती. एकातलं बी भिजल्यावर सब्ज्यासारखं बुळबुळीत झालं आणि वाढल्यावर पानं तालिमखान्याच्या भावकीतली, म्हणजे हायग्रोफिलाच्या जातीची दिसली. दुसऱ्यातलं काय होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण पाणी भरल्यावर बाराव्या दिवशी त्याचा चिखल झाला. ओल्या रेतीवर, हवेत, उजेडात कुठलंही बी हिरवंगार दिसतंच. घटात पेरलेलं धान नऊ दिवसांत वीतभर होतं, म्हणून ते काही पाण्याखाली वाढत नाही.

आधी हे कुजलेलं सगळं काढा. हाताने उपटण्यापेक्षा सायफनच्या नळीने रेतीच्या वरच्या थरासकट ओढून घ्या. ८० टक्के पाणी बदला, दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धं बदला. मासे असतील तर तोपर्यंत दुसऱ्या भांड्यात हलवा. कुजणाऱ्या पाल्यातून अमोनिया सुटतो आणि बोअरच्या, पीएच जास्त असलेल्या पाण्यात तो माशांना जास्त बाधतो.

आता तुमचा खरा प्रश्न, सीओटूचा. यातली मेख समजली की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. वायू पाण्यातून पसरण्याचा वेग हवेतल्यापेक्षा साधारण दहा हजार पटींनी कमी असतो. हवेतल्या पानाला कार्बन डायऑक्साइड आयता मिळतो. पाण्यातल्या पानाभोवती मात्र साचलेल्या पाण्याची एक पातळ साय असते आणि त्या सायीतला वायू संपला की पान उपाशी. हिरवळीचं गवत तर तळाशी, दाटीवाटीने, जिथे पाणी सर्वांत कमी हलतं तिथे. अशा उपाशी रोपावर तुम्ही मोठा लाइट टाकता, तेव्हा ते जोमाने वाढत नाही. त्याच्या नाकावर टिच्चून शेवाळ वाढतं. माझ्याकडे 'गवत होत नाही' म्हणून फोटो पाठवणाऱ्यांत दहातल्या सातजणांचा लाइट गरजेपेक्षा जास्तच असतो.

म्हणून क्रम असा धरा: गॅस (म्हणजे हाच सीओटू), पाण्याचा प्रवाह, मुळाखालची माती आणि मग उजेड.

गॅस नकोच असेल तर गवताची जात बदला, हट्ट करू नका. बिनसीओटूच्या टँकमध्ये माझा सगळ्यात भरवशाचा गडी म्हणजे मार्सिलिया हिर्सुटा. चार पाकळ्यांच्या पानाची ही नेचावर्गीय वनस्पती मूळची ऑस्ट्रेलियातली. तिची एक चुलत बहीण, मार्सिलिया मिनुटा, आपल्याकडे भातखाचराच्या बांधालगत सर्रास दिसते. पाण्याखाली गेल्यावर हिर्सुटाची पानं बहुतेक एकेरी, छोट्या चमच्यासारखी होतात. पहिले दोन महिने ती काहीच करत नाही. लोक कंटाळून उपटतात आणि तिथेच चुकतात, कारण त्या दोन महिन्यांत ती रेतीखालून दोरा पसरवत असते. बुटकी सॅजिटेरिया आणि हेलॅन्थियम टेनेलम हेही चालतात, फक्त ते गवतासारखे दिसतात पण उंचीला तीन-चार इंचही जाऊ शकतात. क्रिप्टोकोरिन पार्व्हा सुंदर, पण तिची हिरवळ पाहायची तर वर्षभराचा संयम हवा.

हेअरग्रास, म्हणजे एलिओकॅरिस, हे गॅसशिवाय होणाऱ्या आणि गॅस लागणाऱ्या जातींच्या मधलं. नावात ग्रास असलं तरी ते गवत नव्हे, लव्हाळ्याच्या कुळातलं आहे. म्हणूनच ते चिवट. गॅसशिवायही जगतं, पसरतंही, पण सहा आठवड्यांच्या कामाला सहा महिने लावतं. गॅस असेल तर तुमच्यासारख्या पहिलटकराला मी डोळे झाकून हेच सांगेन, त्यातही 'मिनी' नावाने मिळणारी बुटकी जात. माँटे कार्लो दुसऱ्या नंबरवर. (त्याचा त्या जुगाराच्या माँटे कार्लोशी संबंध नाही. अर्जेंटिनात माँटेकार्लो नावाचं गाव आहे, तिथलं हे रोप.) क्यूबा पहिल्या टँकमध्ये लावू नका. पान तिळाएवढं, फार देखणं, पण पाण्याचं तापमान २८ अंशांच्या वर गेलं आणि गॅस थोडा कमी-जास्त झाला की दोन दिवसांत रुसतं.

गॅस कसा द्यायचा यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मी तिन्ही प्रकार वापरले आहेत. साखर-यीस्टची बाटली स्वस्त, पण ती तुमचं ऐकत नाही. थंडीत बुडबुडा येत नाही, मे महिन्यात धो धो येतो आणि रात्रीही चालूच राहतो. रात्री झाडं गॅस घेत नाहीत, उलट ऑक्सिजन वापरतात. एकदा मेमध्ये पहाटे पाचला पाणी प्यायला उठलो तर बारा निऑन टेट्रा तोंडं वर काढून पृष्ठभागावर टेकलेले. खिडकीतला पंखा काचेवर वळवला, बाटलीची नळी उपटली आणि तासभर पातेल्याने पाणी उपसून वरून ओतत बसलो. नऊ वाचले. तेव्हापासून यीस्ट बंद.

दोन बाटल्यांचा सायट्रिक ॲसिड आणि खाण्याच्या सोड्याचा संच मिळतो, तो त्यापेक्षा पुष्कळ शहाणा. त्याला बारीक झडप असते, बुडबुडे मोजून देता येतात. दोन्ही २०० ग्रॅम घातले तर सगळा सोडा संपेपर्यंत साधारण १०० ग्रॅम वायू मिळतो. तुमच्या आकाराच्या टँकला दोन-तीन आठवडे पुरावा. वर्षभर टँक चालवणार असाल तर मात्र सिलिंडरच घ्या: रेग्युलेटर, सोलेनॉइड (विजेवर उघडणारी) झडप आणि टायमर. अग्निशामक भरून देणाऱ्या दुकानात सिलिंडर भरून मिळतो. सोलेनॉइडचा फायदा लोडशेडिंगमध्ये कळतो. वीज गेली की लाइट, फिल्टर आणि गॅस तिन्ही एकदम बंद होतात. बाटलीवाल्या संचाला मात्र वीज गेल्याचं कळत नाही.

किती सोडायचा? सेकंदाला एक बुडबुडा इथून सुरुवात करा आणि पुढचं ड्रॉप चेकरवर, म्हणजे रंगावरून गॅस दाखवणाऱ्या, टँकमध्ये लावायच्या काचेच्या बोंडावर सोडा. त्या काचेच्या बोंडात ४ डीकेएच कडकपणाचं तयार द्रावण आणि ब्रोमोथायमॉल ब्लूचे थेंब घालतात. निळं म्हणजे गॅस कमी, पोपटी हिरवं म्हणजे लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आसपास, पिवळं म्हणजे मासे धोक्यात. त्यात टँकचं पाणी भरू नका, मग त्याच्या रंगाला काही अर्थ राहत नाही. आणि हा रंग दीड-दोन तास मागे चालतो. आत्ता दिसणारा हिरवा हा दुपारचा हिशोब असतो. म्हणून गॅस लाइटच्या दीड तास आधी सुरू करा आणि लाइट जाण्याआधी तासभर बंद. बोअरच्या पाण्यात गॅस विरघळत नाही असं दुकानदार सांगतात, ते खरं नाही. कडक पाण्यात पीएच थोडा वर राहतो एवढंच, वायू तेवढाच मिळतो.

मात्र कडक पाण्याचा त्रास दुसरीकडे होतो. ॲक्वासॉइल म्हणून जी भाजलेल्या मातीची गोळी मिळते ती पाणी मऊ आणि किंचित आम्ल करते. बोअरचं पाणी रोज ओतलं तर तिची ही ताकद वर्षाच्या आत संपते. नाशिकला नळाचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणाचं येतं, ते वापरा. सोसायटीच्या टाकीत टँकरचं किंवा बोअरचं मिसळत असेल तर स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी निम्मं मिसळा. क्लोरीन काढायला हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे पुरतात.

मातीबद्दल. पहिल्यांदा करताय तर ॲक्वासॉइल घ्याच, एवढ्या टँकला एकच पिशवी लागते. पुढे दीड इंच, मागे अडीच-तीन इंच असा उतार ठेवा. दाणा बारीक हवा, एक ते तीन मिलिमीटर. जाड खडीत हेअरग्रासची काडी उभीच राहत नाही, रोवली की तरंगते. बिनसीओटूचा स्वस्त टँक करायचा असेल तर नर्सरीतली लाल माती चाळून पाऊण इंच आणि वर दीड इंच बारीक रेती. त्यात शेणखत, गांडूळखत काही घालू नका. कुंडीत ते अमृत असतं, पाण्याखाली सडतं. आणि कोकणातून येताना समुद्राची वाळू आणायचा मोह टाळा. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो. मूठभर वाळूवर लिंबू पिळा, फसफसली तर ती पाण्याचा कडकपणा वाढवत राहणार.

आता लावणी, म्हणजे ज्याच्यात लोक सगळ्यात घाई करतात तो भाग. टिश्यू कल्चरच्या चार-पाच डब्या आणा. कुंडीतल्या रोपांबरोबर गोगलगायी आणि शेवाळाचे धागे फुकट येतात, डबीत ती भानगड नाही. आतली जेली कोमट पाण्यात हलकेच चोळून पूर्ण धुवा. राहिली तर तिथे बुरशी धरते. मग कात्रीने हेअरग्रास वरून कापून बोटाच्या एका पेराएवढं ठेवा. हे करताना हात थरथरतो, विकत आणलेलं कापून टाकायचं म्हणजे! पण ती पाती हवेत वाढलेली असतात, पाण्याखाली ती तशीही मरणारच. कापल्यावर रोपाची ताकद मुळांकडे आणि नव्या पात्यांकडे जाते.

एका डबीतून वीस-पंचवीस जुडगे निघतात, प्रत्येकी पाच-सहा काड्यांचे. त्याहून मोठा पुंजका लावलात तर मधला भाग कुजतो आणि पसरायला वेळ लागतो. टँकचा पुढचा अर्धा भाग म्हणजे दोन फूट बाय सहा इंच. एक-सव्वा इंचाच्या अंतराने तिथे साधारण शंभर जुडगे बसतात. लांब चिमटा घ्या. जुडगा मुळाशी पकडून चिमटा जरा तिरका मातीत खुपसा, मग चिमट्याची पकड सोडा, एक क्षण थांबा आणि पुन्हा किंचित हलवत तिरकाच बाहेर काढा. सरळ वर ओढलात की रोप चिमट्याबरोबर वर येतं. पहिले दहा जुडगे तुम्हाला रडवतील. पंचविसाव्याला हात बसतो. शंभर लावायला मला अजूनही अडीच तास लागतात. मान अवघडते आणि घरचे विचारतात, "भातलावणी झाली का?" लावताना माती नुसती ओली असू द्या, वर फार तर अर्धा इंच पाणी. मधूनमधून फवारा मारत राहा.

तुम्ही बियांच्या वेळी जे केलंत, पाण्याशिवाय महिनाभर वाढवणं, त्याला ड्राय स्टार्ट म्हणतात आणि खऱ्या कार्पेटसाठी ती उत्तम पद्धत आहे. म्हणजे पद्धत बरोबर होती, बी चुकलं. टँकवर प्लॅस्टिकची पातळ फिल्म ताणून लावा, रोज पाच-दहा मिनिटं उघडा, फवारा मारा, पाच-सहा आठवडे थांबा. पावसाळ्यात करत असाल तर बुरशीवर नजर ठेवा. पांढरा कापूस दिसला तर फवारा कमी आणि हवा जास्त. पाणी भरताना तळाला प्लेट ठेवून त्यावर बारीक धार सोडा आणि गॅस त्याच दिवशी पहिल्या तासापासून. हा दिवस चुकला तर महिन्याची मेहनत वितळते.

पाणी भरल्यानंतरचे तीन आठवडे हे पाणी बदलण्याचे असतात. पहिला आठवडा रोज अर्धं, दुसरा एक दिवसाआड, तिसऱ्यात दोनदा, नंतर दर आठवड्याला एकदा अर्धं. नव्या ॲक्वासॉइलमधून अमोनिया सुटतो आणि शेवाळाला त्याचंच आमंत्रण लागतं. मासे या काळात नकोत.

लाइट आता. २×१×१ च्या टँकची उंची फूटभरच आहे, ही तुमची जमेची बाजू. दीड फूट खोल टँकमध्ये तळापर्यंत उजेड पोचवायला खूप जास्त खर्च येतो. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा ३० वॅटचा, ६५०० केल्विनचा एलईडी फ्लडलाइट टँकच्या वर आठ-दहा इंचांवर टांगा. महागड्या लाइटची शोभा त्याला नाही, पण गवताला शोभेशी देणंघेणं नसतं. सुरुवातीला फक्त सहा तास. संध्याकाळी चार ते दहा ठेवलं तर घरी आल्यावर तुम्हालाही पाहता येतं. गवत जमिनीला चिकटून आडवं वाढत असेल तर उजेड पुरेसा आहे. पाती लांब, विरळ, वर ताणलेली दिसू लागली तर लाइट दोन इंच खाली आणा, तास वाढवू नका.

खताला पैसे घालवू नका, तुम्ही द्राक्षांच्या जिल्ह्यात राहता. ठिबकवाले शेतकरी जे १३:००:४५ वापरतात ते पोटॅशियम नायट्रेट आणि ००:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं, एक किलो तुमच्या नातवंडांपर्यंत पुरेल. अर्धा लिटर आरओच्या पाण्यात पहिलं १० ग्रॅम आणि दुसरं १ ग्रॅम विरघळवा. त्यातले २५ मिलिलिटर आठवड्यातून दोनदा घाला. माती-दगड वजा जाता तुमच्या टँकमध्ये ४५ लिटर पाणी उरतं, त्यात प्रत्येक डोसला नायट्रेट साधारण ७ मिलिग्रॅम आणि फॉस्फेट पाऊण मिलिग्रॅम प्रति लिटर वाढतं. १९:१९:१९ चुकूनही घालू नका, त्यात युरिया आणि अमोनियाचा नत्र असतो. सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मात्र शेतीचं मिश्रण नको. त्यात तांबं असतं, ते कोळंबीला मारतं. ती एक छोटी बाटली ॲक्वेरियमच्या दुकानातूनच घ्या.

फिल्टरचा प्रवाह असा लावा की चारही कोपऱ्यांतल्या पात्यांची टोकं सतत किंचित डोलताना दिसली पाहिजेत. जो कोपरा डोलत नाही तिथेच पहिलं शेवाळ धरतं, मी पैज लावून सांगतो.

शेवाळ येणारच. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पात्यांवर चहाच्या रंगाची पूड बसते, ती डायटमची. घाबरू नका, ती जाते. हिरवे लांब धागे आले तर जुना टूथब्रश घालून शेवया काट्याला गुंडाळाव्यात तसे गुंडाळून ओढा, लाइट तासाभराने कमी करा. नायट्राइट (अमोनियापासून बनणारं, माशांना बाधणारं द्रव्य, टेस्ट किटने मोजतात) शून्यावर आलं की पाच-सहा अमानो कोळंब्या सोडा. ताकाशी अमानो (१९५४-२०१५) या जपानी माणसाने टँकमध्ये बागा फुलवण्याचं हे वेड जगभर नेलं आणि शेवाळ खाण्यासाठी ही कोळंबी वापरात आणली. तिची पिल्लं निमखाऱ्या पाण्याशिवाय वाढत नाहीत, त्यामुळे टँकमध्ये संख्या वाढण्याची वाट पाहू नका. गोल्डफिश आणि गवत एकत्र नांदत नाहीत, एकाची निवड करा. कोरीडोरास मासे तळ उकरतात, त्यांना मुळं पक्की धरल्यावरच आणा.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. एप्रिल-मेमध्ये बंद खोलीतल्या टँकचं पाणी सहज ३१-३२ अंशांवर जातं. गरम पाण्यात वायू कमी राहतो, झाडाचं श्वसन मात्र वाढतं. टँकवर एक छोटा टेबलफॅन तिरका लावला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. नाशिकच्या कोरड्या हवेत हे छान चालतं, मुंबईच्या दमटात कमी. कमी झालेलं पाणी आरओने भरा, नळाने नको, कारण उडून जातं ते पाणी, क्षार मागे राहतात.

कापणीचा आळस करू नका. माझं माँटे कार्लो एकदा तीन बोटं जाड झालं होतं, इतकं सुंदर की कात्री लावायचं जिवावर आलं. गणपतीला गावी गेलो, आठ दिवसांनी परतलो तर अख्खी हिरवळ उसवलेल्या गोधडीसारखी पाण्यावर तरंगत होती आणि खाली काळी माती उघडी. वरच्या थराने उजेड अडवला, खालची खोडं पिवळी पडून कुजली, मुळं सुटली आणि पानांत अडकलेल्या ऑक्सिजनच्या बुडबुड्यांनी ती वर उचलली. माँटे कार्लो बोटभर जाड झालं की निम्म्यावर आणा. हेअरग्रासला पहिली कात्री चौथ्या-पाचव्या आठवड्यात, निम्म्या उंचीवर. कापलेला पाला जाळीने लगेच उचला, नाहीतर तो फिल्टरमध्ये जाऊन बसतो.

पाणी भरल्यापासून तिसऱ्या आठवड्यापर्यंत वरून पाहिलं तर काहीच घडलेलं दिसणार नाही, उलट थोडं विरळ झालेलं वाटेल. तेव्हा गुडघ्यावर बसा आणि पुढच्या काचेला मोबाइलचा टॉर्च लावून मातीच्या रेषेत पाहा. काच आणि दाण्यांच्या मधून जाणारा पांढरा, शिवणाच्या दोऱ्याएवढा धागा दिसेल आणि त्याच्या टोकाला अर्ध्या सेंटिमीटरची हिरवी सुई. ती दिसली की लाइट सहाचा सात तास करा. नाही दिसली तर आधी ड्रॉप चेकरचा रंग आणि पाती डोलतात का ते सांगा, पुढचं त्यावर ठरवू.